लेकराला मांडी पुरत नाही, पट्टा लागतो

लग्न असो, दवाखाना असो की बाजार, मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात आपल्या वस्तीची गाडी म्हणजे मोटारसायकल. बाप चालवतो, आई मागे बसते, मधे लहानगे आणि थोरले पेट्रोलच्या टाकीवर. दीक्षाभूमीला जायचे असले की चार घरे मिळून गाडी भाड्याने करतात, तेव्हाही लेकरे मांडीवरच. आईने धरले आहे, मग भीती कशाची, असे आपल्याला वाटते. बंधू-भगिनींनो, या समजुतीबद्दलच आम्हाला आज बोलायचे आहे.

हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे २ क्विंटल ओझे पेलण्याइतके बळ लागते. धानाची पोती उचलणाऱ्या हातांनाही ते एका क्षणात जमणार नाही. ताशी ४० च्या वेगाने डोके आदळणे म्हणजे वीस फुटांवरून पडणे.

म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. चार वर्षांखालचे मूल दुचाकीवर असेल तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा हार्नेस हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० च्या आत हवा. हार्नेस म्हणजे मुलाला घालायचे बंडीसारखे जाकीट. त्याचे पट्टे चालवणाऱ्याने खांद्यांवर चढवायचे. ओढणीने किंवा शालीने बांधणे हा त्याला पर्याय नाही. चार वर्षांपुढे हेल्मेट सर्वांनाच सक्तीचे आहे.

नऊ महिन्यांखालच्या बाळाला दुचाकीवर नेऊच नये, एसटीने न्यावे, असे आम्ही सुचवतो. टाकीवर मूल बसवू नये. धडकेत ते आधी हँडलवर आदळते.

चारचाकीत १४ वर्षांखालचे मूल पट्ट्याविना असेल तर १,००० रुपये दंड आहे. मुलांना मागच्या सीटवर बसवा. तान्ह्या बाळाची खास सीट मिळाली, तर तिचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवा; एअरबॅग असलेल्या पुढच्या जागी ती कधीच लावू नका. मोठ्या मुलाचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर बसावा. वरचा पट्टा गळ्याला न लागता खांद्यावरून जावा. तो तसा बसत नसेल तर उंची देणारी बूस्टर सीट लागते. एका पट्ट्यात दोन मुले बांधू नका.

खर्चाची अडचण आम्ही जाणतो. हार्नेस रोज लागत नाही; चार घरांनी मिळून एक घ्यावा, विहारात ठेवावा, लागेल त्याने न्यावा. मात्र वापरण्याआधी शिवण आणि बकल तपासावे, आणि अपघातात सापडलेली वस्तू पुन्हा वापरू नये. भाड्याची गाडी ठरवताना दर विचारतो, तसे मागच्या सीटला पट्टे आहेत का, हेही विचारावे.