वेग वाढवला, तरी लॅग का जात नाही?

रात्री नऊनंतर अहिल्यानगरच्या सावेडीतला फ्लॅट असो की राहुरीजवळची वस्ती, घराघरांत एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘लॅग येतोय!’ मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणारा मुलगा नेम धरून गोळी झाडतो, प्रतिस्पर्धी समोर उभा दिसत असतो आणि पुढच्याच क्षणी कळते की आपणच बाद झालो आहोत. दोष नेटवर जातो. मग मोठ्या प्लॅनचा हट्ट सुरू होतो. शंभर एमबीपीएसचे तीनशे होतात, महिन्याचे बिल वाढते आणि आठवडाभरात तीच तक्रार पुन्हा कानावर येते.

असे होते, कारण वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅनच्या जाहिरातीत असतो तो वेग. खेळ बिघडवतो तो विलंब.

कालव्याची रुंदी आणि टेलचे पाणी

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा फरक चटकन समजेल. भंडारदऱ्याचे आवर्तन सुटले, तरी टेलच्या शेतापर्यंत पाणी पोहोचायला वेळ लागतो. कालवा रुंद असेल तर एका वेळी जास्त पाणी येईल. पण धरण ते शेत हे अंतर त्यामुळे कमी होत नाही. एमबीपीएस म्हणजे कालव्याची रुंदी. खेळाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणारा ‘पिंग’ म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास लागलेला वेळ. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात.

हा शब्दही मुळात मोजणीतूनच आला. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कचा विलंब मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधणारी सोनार यंत्रणा पाण्यात ध्वनी सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकते. त्या आवाजावरून त्यांनी प्रोग्रॅमला ‘पिंग’ नाव दिले.

सिनेमा पाहताना पुढची काही सेकंदांची दृश्ये आधीच उतरवून ठेवता येतात, म्हणून तिथे रुंद कालवा उपयोगी पडतो. खेळात पुढचा क्षण अजून घडलेलाच नसतो; तो साठवणार कसा? शिवाय खेळताना ये-जा करणारी माहिती फार थोडी असते. बहुतेक खेळांचे काम एक एमबीपीएसच्याही आत भागते. त्यामुळे शंभरचे तीनशे केल्याने खेळाला फारसे काही मिळत नाही.

मुंबई किती दूर आहे?

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अहिल्यानगर ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर साधारण २०० किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्याचे ४०० किलोमीटर प्रकाश २ मिलिसेकंदांत कापेल. प्रत्यक्ष केबलची वाट वळणाची असते आणि मध्ये यंत्रेही असतात, त्यामुळे चांगल्या फायबर जोडणीवर १० ते २५ मिलिसेकंद लागणे स्वाभाविक आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ यांसारख्या खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत.

सिंगापूर मात्र मुंबईपासून सुमारे ३,९०० किलोमीटर दूर आहे. तिथे जाऊन येण्यास प्रकाशालाच ३९ मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्षात आकडा ६० च्या आसपास किंवा त्याहून वर जातो. म्हणून पहिला उपाय फुकटचा : खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हर किंवा रीजन निवडण्याची सोय असेल, तर मुंबई किंवा भारत निवडले आहे ना, ते पाहा.

पिंग ५० च्या आत असेल तर खेळ सुरळीत चालतो. शंभरपर्यंत बहुतेकांचे निभावते. दीडशेच्या पुढे त्रास होऊ लागतो. त्याहून वाईट म्हणजे पिंग सतत वरखाली होणे. याला ‘जिटर’ म्हणतात. एकसारख्या उशिराशी मेंदू बऱ्याच अंशी जुळवून घेतो; पण कधी ३० आणि कधी २०० असे झाले की हाताचा अंदाजच चुकतो.

थोडाफार विलंब खेळ स्वतःच झाकून घेतो. १९९६ मधल्या ‘क्वेकवर्ल्ड’पासून खेळाडूच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधून ती लगेच पडद्यावर दाखवण्याची पद्धत रूढ झाली. शिवाय अनेक खेळांत गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते, हे पाहण्यासाठी सर्व्हर घड्याळ किंचित मागे नेतो. म्हणूनच ‘मी भिंतीआड गेलो होतो, तरी मेलो’ असे होते. समोरच्याच्या पडद्यावर तुम्ही अजून भिंतीबाहेरच होता.

काट्यावरची रांग

मुंबईचे अंतर इतके कमी असताना पिंग दीडशेवर का जातो? बऱ्याचदा उत्तर घरातच सापडते.

गळिताच्या हंगामात साखर कारखान्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रस्ता कितीही चांगला असो, वजनकाट्यावर एका वेळी एकच ट्रॉली चढते. मागच्या ट्रॉलीत दोनच मोळ्या असल्या, तरी तिला थांबावेच लागते. राउटरमध्ये हेच घडते. घरातल्या कोणाच्या तरी फोनमधून फोटोंचा बॅकअप वर जात असतो. चोरीच्या आणि बिबट्याच्या भीतीने गोठ्यावर लावलेला सीसीटीव्ही कॅमेरा चित्रण क्लाउडवर पाठवत असतो. या मोठ्या फाइलींच्या रांगेत खेळाचा चिमुकला निरोप अडकतो.

अमेरिकी अभियंते जिम गेटिस यांना २०१० मध्ये हा प्रकार स्वतःच्या घरात आढळला. मोठी फाइल पाठवताना त्यांच्या जोडणीचा विलंब सेकंदाच्या पुढे जात होता. यंत्रांमध्ये माहिती साठवण्याची जागा गरजेपेक्षा मोठी ठेवल्याने रांगा लांबतात, हे त्यांनी दाखवले आणि या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झाले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवणारी पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली सोय आज अनेक राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ या नावाने मिळते. ती सुरू करून वेगमर्यादा प्लॅनच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवली, तर रांग कंपनीच्या यंत्रात न साचता तुमच्या राउटरमध्ये येते आणि तिथे छोट्या निरोपाला वाट मिळते. म्हणजे वेग थोडा कमी केल्याने लॅग घटतो! ही सोय नसेल तर खेळाच्या वेळी बॅकअप थांबवा आणि मोठी डाउनलोड रात्री उशिरावर ठेवा.

दुसरा दोषी वाय-फाय. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच आहेत. त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, म्हणून गर्दीत थांबावे लागते. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरा. मात्र जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती आणि सिमेंटचे स्लॅब हा पट्टा सहज ओलांडत नाही. रेंज वाढवणारा एक्स्टेंडर बसवला तर रेंज दिसते, पण निरोपाला आणखी एक थांबा घ्यावा लागतो. सर्वांत खात्रीचा इलाज म्हणजे लॅन केबल. पंधरा मीटरची केबल काहीशे रुपयांत येते. यूएसबी-सी ॲडाप्टर लावून अनेक अँड्रॉइड फोनही तिला जोडता येतात.

टॉवरची गर्दी, डोंगराची आड

फायबर पोहोचलेले नाही तिथे मोबाइल डेटाच आधार असतो. एका टॉवरची क्षमता त्याच्या टापूतल्या सर्वांत वाटली जाते आणि जेवणानंतर सगळेच फोन उघडतात. अकोले तालुक्यात सह्याद्रीचे सुळके मध्ये आले की रेंज तुटते. अशा ठिकाणी मोठा डेटा पॅक घेऊन पिंग सुधारत नाही. टॉवरच्या दिशेच्या खिडकीशी बसणे आणि ५जी सारखे ये-जा करत असेल तर फोन ४जीवर स्थिर ठेवणे, एवढे करता येते. केंद्राने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे ‘भारतनेट’ नावाने ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठीच आहे. आपल्या गावात ते आले असेल, तर घरजोडणी मिळते का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करणे अधिक फायद्याचे.

आधी मोजा, मग खर्च करा

चार वेळा पिंग पाहा आणि आकडे लिहून ठेवा. पहिला, नेहमीच्या जागी बसून. दुसरा, राउटरशेजारी बसून. तिसरा, केबल जोडून. चौथा, केबल तशीच ठेवून घरातली बाकी सर्व उपकरणे नेटवरून काढून. दुसऱ्या वेळी सुधारणा झाली तर दोष भिंतींचा. तिसऱ्या वेळी झाली तर वाय-फायमधल्या गर्दीचा. चौथ्या वेळी झाली तर रांगेचा. चारही वेळा आकडा वाईटच राहिला, तर दोष घराबाहेर आहे. मग वेळेसह हे आकडे सेवा देणाऱ्याला दाखवून तक्रार करा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीपेक्षा आकड्यांच्या कागदाला वजन असते.

‘पिंग निम्मा करतो’ असे सांगणाऱ्या ॲपपासून सावध राहा. कोणतेही ॲप मुंबईला जवळ आणू शकत नाही. कंपनीची वाट फारच वळणाची असेल तर क्वचित फरक पडतो. एरवी आणखी एक थांबा वाढतो. अशी बरीच ॲप व्हीपीएन असतात, म्हणजे फोनमधली सगळी वाहतूक अनोळखी माणसाच्या दारातून जाते. त्याच फोनवर घरातले कोणी बँकेचे व्यवहार करत असेल, तर हा धोका पत्करण्यासारखा नाही.

शरीराचा लॅग

बऱ्याच मुलांनी स्वतःच शोधलेला उपाय म्हणजे मध्यरात्रीनंतर खेळणे. तेव्हा पिंग खरोखर कमी दिसतो, त्यामुळे उपाय पटतोही. पण या हिशेबात खेळाडूचे शरीर धरलेले नसते.

डोळ्याला दिसल्यावर बोट हलायला निरोगी तरुणाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. झोप अपुरी झाली की हा वेळ वाढतो आणि मधूनच एखादी प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाहूनही लांबते. झोपेच्या संशोधनात अशा चुका मोजल्या जातात. नेटवर्कच्या जिटरसारखाच हा शरीराचा जिटर. आणि तो कोणत्याही केबलने जात नाही. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सलग १७ तास जागे असलेल्या प्रौढांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. आपल्याकडे वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. शाळेसाठी सकाळी सहाला उठलेल्या मुलाचे १७ तास रात्री अकरालाच भरतात. त्यानंतर जागून नेटवर्कचे ३० मिलिसेकंद वाचवायचे आणि शरीराचे शंभर घालवायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. दुसऱ्या दिवशी वर्गात आणि दुचाकीवर बसतो तोही हाच मुलगा असतो.

खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. मात्र खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसूनही तो चालूच राहणे, ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली तरच ते निदान होते. तशी शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

बाकीच्या घरांसाठी तडजोड सोपी आहे. पालकांनी केबल आणून द्यावी आणि संध्याकाळी तासभर बॅकअप बंद ठेवावा. संध्याकाळीच खेळ नीट चालला, तर रात्र जागण्याचे मुलाचे सर्वांत मोठे कारण उरत नाही. मोठ्या प्लॅनचे पैसे वाचतात ते वेगळेच.