घरच्या वेल्डिंगला कोणता गॅस घ्यायचा?

पोलाद साधारण पंधराशे अंशांना वितळतं. वेल्डिंगच्या झोतात वितळलेल्या त्या थेंबभर धातूला सर्वांत मोठा धोका असतो आजूबाजूच्या हवेचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे. नायट्रोजन पातळ पोलादात विरघळतो आणि धातू गोठू लागला की बाहेर पडायला बघतो. सगळा काही बाहेर पडत नाही. उरलेल्याची सांध्यात बारीक भोकं होतात, त्यांनाच कारागीर ब्लो होल म्हणतात. ऑक्सिजन लोखंड जाळतो, पोलादातल्या कार्बनशी मिळून आणखी बुडबुडे तयार करतो. वरून गुळगुळीत दिसणारा टाका आतून पोकळ निघतो तो असा. धातू गोठेपर्यंत ही हवा दूर ठेवणं, एवढंच वेल्डिंगच्या गॅसचं काम.

साध्या रॉडने वेल्डिंग करणाऱ्याला वेगळा सिलिंडर लागत नाही. रॉडवरचं लेपण जळताना स्वतःच गॅस सोडतं आणि टाक्यावर स्लॅगची साय धरतं. गच्चीवर, अंगणात, वाऱ्यात काम असेल तर आजही रॉडच बरा. सिलिंडरचा प्रश्न येतो तो वायर सोडणारं मिग मशीन घरी आल्यावर. आता घरच्या सिंगल फेजवर चालणारी छोटी मिग मशीन सहज मिळतात. बाइकचं स्टँड, कुंड्यांचा रॅक, खिडकीची जाळी असली कामं लोक हौसेने स्वतः करू लागले आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘गॅस कोणता घेऊ?’ माझ्या मते तो पहिला प्रश्न नव्हेच. आधी धातू ठरवा, मग त्याची जाडी बघा. गॅस त्यावरूनच ठरतो.

घरचं बहुतेक काम साध्या पोलादाचं असतं: चौकोनी पाइप, अँगल, पट्टी, पत्रा. त्यासाठी निव्वळ कार्बन डायऑक्साइड पुरतो. कारखान्यात त्याला सीओटू म्हणतात. तो स्वस्त असण्याचं कारण आपल्याकडे सहज समजण्यासारखं आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमध्ये मळी आंबते तेव्हा हा वायू भरपूर सुटतो आणि तो साठवून विकता येतो. आर्गॉन मात्र हवेतच शोधावा लागतो आणि हवेत तो एक टक्काही नाही. हवा थंड करून द्रवरूप करायची आणि मग घटक वेगळे काढायचे. त्यातही आर्गॉन उकळतो उणे १८६ अंशांना आणि ऑक्सिजन उणे १८३ ला. तीन अंशांच्या फरकावर दोघांना अलग करायचं म्हटल्यावर किंमत चढणारच.

सीओटू पूर्णपणे निष्क्रिय नाही. झोताच्या उष्णतेत त्यातला काही भाग फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. म्हणून सोबतची वायर तशी लागते. ईआर ७० एस-६ या प्रतीच्या वायरीत मँगनीज आणि सिलिकॉन जास्त असतं, ते या ऑक्सिजनला आधीच पकडतं. टाक्यावर अधूनमधून दिसणारे तपकिरी काचेसारखे तुकडे त्याचेच. सीओटूने टाका खोल शिरतो, जाड अँगलला ते फायद्याचं. तोटा म्हणजे ठिणग्या उडतात, आजूबाजूला दाणे चिकटतात आणि ग्राइंडर जास्त चालवावा लागतो. १९५३ मध्ये सोव्हिएत संघातल्या ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव्ह या दोघांनी या गॅसवर वायरीचं वेल्डिंग करून दाखवलं. त्याआधी, १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत मिगची पद्धत आर्गॉनवर उभी राहिली होती, पण साध्या पोलादासाठी तो गॅस महाग पडत होता. सीओटूमुळे मिग स्वस्त झालं आणि ते छोट्या शेडमध्येही पोचलं.

मधला मार्ग म्हणजे मिक्स: ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू. झोत शांत राहतो, दाणे कमी उडतात, टाका सपाट आणि देखणा बसतो. सगळ्यांत मोठा फायदा पातळ पत्र्याला होतो. एक मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्यावर सीओटूने होल पडायला वेळ लागत नाही, मिक्स तिथे जरा सवड देतो. गाडीच्या बॉडीचा पत्रा किंवा दिवाणखान्यात ठेवायचं फर्निचर करणार असाल तर मिक्सला पैसे जरूर मोजा. गेट, शेड, ट्रॉली करणाऱ्याला मात्र सीओटूच घ्या असं मी ठामपणे सांगेन. मिक्सवरून सीओटूवर आलात तर व्होल्टेज थोडं वाढवायला विसरू नका. तेवढं न केल्यामुळे सीओटूला वाईट म्हणणारे पुष्कळ आहेत.

‘एकच शुद्ध आर्गॉनचा सिलिंडर घेतला की सगळी कामं होतील’ हा समज मात्र सोडायला हवा. साध्या पोलादावर मिग मशीनला शुद्ध आर्गॉन लावला तर झोत भटकतो, टाका वर फुगलेला आणि कडेला खाचा पडलेला येतो. शुद्ध आर्गॉनची जागा ॲल्युमिनियमवर आणि टंगस्टनच्या टोकातून झोत काढणाऱ्या टिग मशीनवर. तिथे उलट सीओटूचा अंशही चालत नाही, टिगचं टंगस्टन जळून जातं. स्टेनलेस मिगने जोडायचं असेल तर ९८ टक्के आर्गॉन आणि दोन टक्के सीओटू असं मिश्रण घेतात. घरी स्टेनलेसचं काम थोडंच असेल तर टिग आणि आर्गॉन सोयीचं. हेलियमचा विचार घरी करूच नये. १९४१ मध्ये नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडायला टंगस्टनच्या झोतावर हेलियम वापरला, टिगची सुरुवात तिथली. पण आज तो अतिशय महाग आहे.

गॅस बरोबर निवडूनही भोकं पडतात तेव्हा दोष बहुतेक वेळा वाऱ्याचा असतो. वरचा पंखा चालू असला तरी नोझलपाशी गॅस टिकत नाही. मग लोक फ्लो वाढवतात आणि काम आणखी बिघडतं. नळ पूर्ण सोडला की बादलीतलं पाणी हवा ओढून फेसाळतं, तसा जोरात सोडलेला गॅस आजूबाजूची हवा आत खेचतो. ०.८ मिलिमीटरच्या वायरीला मिनिटाला आठ ते दहा लिटर पुरतात. पंखा बंद करा, गंज आणि रंग घासून काढा, नोझलमधले दाणे साफ करा, जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. गॅस बदलायची वेळ त्यानंतर.

सिलिंडरचे स्वभावही वेगळे आहेत. आर्गॉन दाबाखालचा वायू असतो, तो संपत जाईल तसा काटा खाली येतो. ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बार दाबाने सुमारे सात हजार लिटर गॅस मावतो, म्हणजे मिनिटाला दहा लिटरने झोत सलग अकरा तासांहून जास्त चालतो. सीओटू आत द्रवरूप असतो. द्रव शिल्लक असेपर्यंत काटा जवळपास तिथेच राहतो, म्हणून उरलेला गॅस काट्यावरून नव्हे, वजनावरून ओळखायचा. ३० किलोतून सोळा हजार लिटरच्या आसपास गॅस निघतो. द्रवाचा वायू होताना रेग्युलेटर गारठून बर्फ धरतो, त्यासाठी हीटरचा रेग्युलेटर घ्या. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूप राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात तो सिलिंडर उन्हात ठेवणं धोक्याचं आहे. आडवा ठेवून वापरला तर द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो. आग विझवायच्या सीओटू सिलिंडरमध्ये बुडापर्यंत नळी असते आणि त्यातून द्रव येतो, म्हणून तोही जोडू नये.

हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आणि बिनवासाचे आहेत. दारं लावलेल्या खोलीत किंवा गॅरेजच्या खड्ड्यात ते साचतात, श्वास कोंडेपर्यंत कळत नाही. दार उघडं ठेवा, फक्त वारा थेट टाक्यावर येणार नाही असं बसा. गॅल्व्हनाइज पाइपचा जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय झोत लावू नका, त्या धुराने रात्री ताप भरतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर वेल्डिंग कधीच करू नका. झोताच्या अतिनील किरणांनी त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

एजन्सीकडे गेल्यावर सिलिंडरचा रंग बघा, पण लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका. आर्गॉनचा निळा असतो. सीओटूचा काळा आणि ऑक्सिजनचाही काळाच, फक्त ऑक्सिजनची मान पांढरी असते. खांद्यावर ठोकलेली दाब-चाचणीची तारीखही वाचा. ही चाचणी साधारण दर पाच वर्षांनी करावी लागते आणि सिलिंडरचे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तारीख उलटलेली असेल तर दुसरा सिलिंडर मागा. घरी नेताना रेग्युलेटर काढून वर टोपी बसवा आणि पोचल्यावर सिलिंडर भिंतीला साखळीने उभा बांधा.