कोथिंबिरीच्या रसाने शिसं निघत नाही

वसईत सकाळच्या फेरफटक्यानंतर कोथिंबीर-आवळ्याचा रस घेणारे बरेच जण भेटतात. ‘यानं अंगातले जड धातू निघून जातात,’ असं ते मनापासून सांगतात.

त्यात थोडं तथ्य आहे. शिसं, पारा, कॅडमियम पेशीत शिरले की ग्लुटाथायोन या आपल्या संरक्षक द्रव्याला चिकटतात आणि त्याचा साठा संपवतात. मग ऑक्सिजनचे आक्रमक रेणू मोकाट सुटतात. आवळ्यातलं क जीवनसत्त्व, बहाडोलीच्या जांभळातलं रंगद्रव्य ही झळ कमी करू शकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत वनस्पतींच्या अशा द्रव्यांचा परिणाम अनेकदा दिसलाय. पण झळ कमी होणं वेगळं आणि धातू बाहेर पडणं वेगळं. शिसं हाडांत बसलं की कित्येक दशकं राहतं, मूत्रपिंडातलं कॅडमियम निम्मं व्हायलाच १०-३० वर्षं लागतात. शिशाच्या संपर्कातल्या लहान मुलांना कोथिंबिरीचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा तो नकली औषधापेक्षा सरस ठरला नाही. विषबाधा गंभीर असेल तर सक्सिमरसारखं औषध लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दुसरा गैरसमज मला जास्त काळजीचा वाटतो: हिरवीगार भाजी म्हणजे निर्धोक. झाडं स्वतःच्या बचावासाठी फायटोकेलेटिन तयार करून धातू बांधून ठेवतात. त्यामुळे कॅडमियम शोषलेला पालकही टवटवीत दिसू शकतो. बावखलाच्या, म्हणजे गोड्या तळ्याच्या, पाण्यावरची वाडीतली भाजी आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठची भाजी नजरेला सारखीच. धुतल्यावर माती जाते. पानात मुरलेला धातू शिजवूनही जात नाही. म्हणून भाजी कुठली, हे विकणाऱ्या मावशींना विचारावं.

झळ कमी करणाऱ्या द्रव्यांच्या गोळ्या घेतल्या की झालं, हेही खरं नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या; १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला.

पोट रिकामं असेल किंवा आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर शिसं जास्त शोषलं जातं. म्हणून मुलांना उपाशी ठेवू नये. नाचणी, कडधान्यं, दूध, वर लिंबू, हा आहार खरा कामाचा. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत बॅटरी, रंग किंवा भंगाराचं काम करणाऱ्यांनी कपडे बदलून, हातपाय धुऊनच घरी यावं, कारण ती धूळ बाळापर्यंत पोचते. शंका असेल तर रसाआधी रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यावी.