अबोला मचाणावर

"रात्रभर जंगलात? अन् तेही झाडावर?" सासूबाईंनी विचारलं, तेव्हा माझ्याजवळही धड उत्तर नव्हतं.

आमची नऊ जणींची भिशी. अकोटात कुणाच्या तरी घरी जमायचं, चिवडा-चहा, नव्या साड्यांचं कौतुक, झाली भिशी! काही वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकीनं बुद्धपौर्णिमेच्या रात्रीसाठी वनखात्याकडे नावं दिली. घरोघरी कल्ला झाला. शेवटी सहा जणी निघालो.

मैत्रिणींनो, सातपुडा आपल्याला रोज दिसतो, पण गच्चीवर वाळवणं घालताना! नरनाळा किल्ला इथून जेमतेम वीसेक किलोमीटर. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, बहमनी काळातला. मेळघाट तर देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. आणि मी? लग्नाला वीस वर्षं झाली तरी शहानूरच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं.

वैशाखात नाले आटतात. जनावरं उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि पौर्णिमेच्या उजेडात दिसतात, म्हणून ही रात्र. वाघांची गणती आता कॅमेऱ्यांवरून होते, तरी या 'निसर्गानुभवा'त हाती कागद मिळतोच. वेळ, प्राणी, संख्या, पिल्लं, सगळं लिहायचं. भडक कपडे नको, अत्तर नको, आणि बोलायचं तर मुळीच नाही.

मचाणावर दोघी, सोबतीला एक वनमजूर दादा. माझ्या वाट्याला कोण यावं? शेजारच्या वहिनी! आमचा दोन वर्षांचा अबोला. एका भिशीत त्यांचा हप्ता राहिला होता आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जमत नसंल तर माणसानं भिशी लावू नये." त्या उठून गेल्या नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्या घरचा चहा त्यांनी घेतला नाही. मनात म्हटलं, चला, इथं तर बोलायची बंदीच आहे. सुटले!

पण झालं उलटंच. मला लांबचं दिसेना आणि वहिनी चष्मा घरी विसरलेल्या, त्यांना कागदावरचं दिसेना. म्हणजे त्यांनी पाहायचं अन् मी लिहायचं. पहिलं सांबर आलं तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला बोट लावलं, मग तीन बोटं दाखवली. मी तीन लिहिलं. त्यांनी तळहात खाली नेला, म्हणजे एक पिल्लू. मग रानडुकरांचा कळप आला. बोटं पुरेनात, तशी त्यांनी माझीही बोटं धरून मोजली. हसू दाबता दाबता आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी.

मध्यरात्रीनंतर अस्वल आलं. त्याचं ते फुरफुरणं ऐकून माझ्या अंगाला घाम फुटला. वहिनींनी माझा हात घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटल्या, "भेता काऊन? थे पानी प्याले आलं, आपल्याले पाहाले नाई." दादांनी डोळे वटारले. दोन वर्षांनी त्या माझ्याशी बोलल्या त्या अशा. अस्वल गेलं तरी हात तसाच होता.

सकाळी डबा उघडला. त्यांची भाकरी, ठेचा, माझ्या दशम्या. त्या खाली बघतच म्हणाल्या, "तवा कापसाचे चुकारे आले नवते. पोराची फी भरली, म्हनून हप्ता राह्यला." मी काही विचारलं नव्हतं. "चुकलंच माझं वहिनी," एवढंच मला म्हणता आलं. त्यांनी माझ्या भाकरीवर आणखी थोडा ठेचा ठेवला.

खाली सगळ्या जणी भेटल्या, तर जी ती आपलीच रात्र सांगत होती. एकीला रानगवा दिसला, एकीला रात्रभर नुसता मोर ओरडताना ऐकू आला. तिघी घरी राहिल्या होत्या, त्यांना पुढच्या भिशीत हे सगळं तीनदा ऐकावं लागलं. ती भिशी माझ्याकडे होती. वहिनी सगळ्यांच्या आधी आल्या आणि चहा मांडायला सरळ स्वयंपाकघरात शिरल्या.

पहाटेची सांबरं सात होती की आठ, यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. त्या म्हणतात मी एक पिल्लू लिहायचं विसरले.