पेटीला आतून काय लावावे?

पाल तुम्ही रोजच पाहता. पण तिची लेंडी कधी निरखून पाहिली आहे का? काळ्या लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे पालीचे मूत्रच! आपल्या लघवीत युरिया पाण्यात विरघळलेला असतो. पाल, सरडा, साप हे प्राणी मात्र पाणी वाचवण्यासाठी घट्ट युरिक आम्ल बाहेर टाकतात. ते पाण्यात फारच थोडे विरघळते. सरपटणाऱ्या प्राण्याच्या लाकडी पेटीची अडचण येथूनच सुरू होते.

समजा, केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या एका हौशी मुलाने सुताराकडच्या उरलेल्या फळ्या आणून अशी पेटी ठोकली. आत कोण राहणार? आपल्या रानातला साप, घोरपड किंवा कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घोरपड तर पहिल्याच अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनेक परदेशी जातींचीही नोंदणी करावी लागते. तेव्हा आपली पेटी रिकामीच राहील. पण सर्पोद्यानात हा प्रश्न खराच पडतो, आणि तो सोडवायला प्राणी लागत नाही.

उघडी फळी चिकटलेली घाण धुताना पाणी पिते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र फुगते. मग फळी वाकते, सांधे उघडतात, फटीत बुरशी धरते. म्हणून आतून अस्तर हवे.

पहिला विचार पत्र्याचा येतो. स्वस्त, धुवायला सोपा, आणि कात्रीने कापता येणारा! पण येथे थांबा. सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता आपल्यासारखी आतून तयार करून टिकवत नाहीत. थंडी वाजली की ते उबेकडे सरकतात, तापले की सावलीकडे. म्हणून पेटीचे एक टोक उबदार व दुसरे गार असावे लागते. लोखंडाची उष्णतावाहकता लाकडाच्या शेकडो पट आहे. पत्रा जितका जाड तितकी तो एका टोकाची उष्णता भिंतीवरून दुसऱ्या टोकाकडे जास्त नेतो, आणि दोन टोकांतला फरक कमी होऊ शकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही चूक जिवावर बेतू शकते.

सनमायका या दृष्टीने बरा. तो पाणी शोषत नाही आणि उष्णताही फारशी वाहत नाही. मात्र त्याच्या कडा नीट बंद कराव्यात, नाहीतर पाणी मागून शिरते. तैलरंग चालेल, पण वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी वाळवावी. डांबर नकोच. देवदाराची फळीही नको. तिच्या सुगंधी तेलांचा बंद जागेत त्रास होतो. तारेच्या जाळीवर साप नाक घासून जखमी होतो.

आणि काच? पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. लोकांना आतले दिसावे म्हणून काच. सापाला मात्र तिचा अडथळा कळत नाही. तो तिला पुन्हापुन्हा तोंड लावतो. एक बाजू काचेची पुरे.

मला स्वतःला सर्वांत आवडलेली भिंत लाकडाची नाहीच. तामिळनाडूत इरुळा जमातीच्या सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ साली निघाली. विष काढण्यासाठी आणलेले साप तेथे मातीच्या मडक्यांत ठेवतात व तोंडाला कापड बांधतात. मडकेही पाणी पितेच की! पण भाजलेली माती फुगत नाही, कुजत नाही, आणि आत अंधार व गारवा असतो.

आता प्रयोग. हातभर लांबीच्या दोन सारख्या पेट्या घ्या. एकीला आतून पत्रा लावा, दुसरी तशीच ठेवा. प्रत्येकीच्या एका टोकाला, लाकडापासून दूर, ४० वॅटचा साधा, तापणारा दिवा टांगा. हे काम शिक्षकांसमोरच करावे. दोन्ही टोकांना प्रयोगशाळेतल्या तापमापकाचा फुगा भिंतीला टेकवून दर दहा मिनिटांनी आकडे लिहा. तापाचा थर्मामीटर वापरू नका. तो ४२ अंशांपुढे मोजत नाही. दोन टोकांच्या तापमानातला फरक कोणत्या पेटीत जास्त राहतो, ते तक्त्यात मांडा. मग त्याच पेट्यांत सनमायका आणि कौलाचा तुकडा लावून पुन्हा मोजा.