पोटातलं दुखणं खांद्यात

गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या आणि दुखायला लागला खांदा! ऐकायला विचित्र वाटतं, पण हे ऐकताच डॉक्टर तातडीने रुग्णालयात बोलावतात. गर्भ गर्भपिशवीत न रुजता बीजवाहक नळीत रुजला असेल, तर या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटली की रक्त पोटात साचतं आणि श्वासपटलाला लागतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते. खांद्याच्या कातडीची संवेदनाही मज्जारज्जूच्या त्याच भागात पोचते. त्यामुळे मेंदूची गल्लत होते. रक्तस्राव पोटात आणि ठणका खांद्यात!

तापाची गंमत तर त्याहून वेगळी. आधी मिफेप्रिस्टोन आणि एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल, असा या गोळ्यांचा क्रम. मिसोप्रोस्टॉल हा प्रोस्टाग्लँडिनचा कृत्रिम भाऊ. जंतुसंसर्गात ताप चढवणारं रसायनही याच कुळातलं. म्हणून ही गोळी घेतल्यावर काही तास हुडहुडी भरते, अंग तापतं. पण 24 तास उलटल्यावरही ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर गोळीला दोष देता येत नाही. संसर्गाची शंका घ्यायलाच हवी. काही दुर्मीळ संसर्गांत तर ताप येतच नाही. नुसता गळाठा, उलट्या, जुलाब, छातीत धडधड. मिसोप्रोस्टॉल घेऊन 24 तास उलटल्यावर असं झालं तरी डॉक्टरकडे जावं.

रक्त थांबतं तेही नवलच. गर्भपिशवीचे स्नायू एकमेकांत विणलेले असतात. पिशवी आकसली की ते मधल्या रक्तवाहिन्या गाठ मारल्यासारख्या आवळतात. आत गर्भाचा अंश राहिला, तर पिशवीला पुरतं आकसता येत नाही आणि रक्त वाहत राहतं. सुरुवातीला पाळीपेक्षा जास्त रक्त जाणं, कळा येणं, गाठी पडणं अपेक्षितच असतं. मात्र सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड भिजले, चक्कर आली, औषधानेही पोटदुखी हटेना किंवा अंगावरून घाण वासाचा स्राव जाऊ लागला, तर थांबू नये. मिसोप्रोस्टॉलनंतर 24 तासांत रक्त गेलंच नाही, तरीही तपासणी हवी.

गंभीर गुंतागुंत क्वचितच होते आणि वेळेत गाठली तर तिच्यावर उपचार आहेत. भारतात 1971 च्या कायद्याने गर्भपाताला मान्यता दिली आहे. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची संमती लागत नाही आणि 2021 च्या दुरुस्तीनुसार तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तेव्हा लाजेपोटी काही अंगावर काढू नका. कोणत्या गोळ्या, कधी घेतल्या ते स्पष्ट सांगा. महाराष्ट्रात 108 वर फोन केला की रुग्णवाहिका येते.