लोकानुराग आणि समीक्षा : एका प्रेमविनोदी चित्रपटाच्या निमित्ताने

लोकप्रियता आणि गुणवत्ता यांचा परस्परसंबंध हा समीक्षेतील जुना वादविषय आहे. लोकांना आवडली म्हणून एखादी कृती श्रेष्ठ ठरत नाही, आणि तेवढ्याच कारणाने ती हीनही ठरत नाही. या दृष्टीने २००२ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ या चित्रपटाचे झालेले स्वागत अभ्यसनीय आहे.

हॉलिवुडच्या मोठ्या चित्रसंस्थांच्या बाहेर, अवघ्या सुमारे ५० लाख डॉलरांत तो तयार झाला. त्याची लेखिका आणि नायिका एकच : कॅनडात वाढलेली, ग्रीक वंशाची निया वार्डालोस. मूळ प्रयोग तिचा एकपात्री होता. तो रिटा विल्सन या अभिनेत्रीने पाहिला आणि त्यातून चित्रपट उभा राहिला. आठवड्याच्या उत्पन्नात एकदाही पहिला क्रमांक न मिळवता त्याने उत्तर अमेरिकेत २४ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. जाहिरातीपेक्षा एकाने दुसऱ्याला सांगण्यानेच तो वाढत गेला.

समीक्षकांचे मत मात्र संमिश्र होते. दिग्दर्शक जोएल झ्विक हे दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकांत मुरलेले. तेव्हा चित्रपटालाही मालिकेचीच कळा आली आहे, ग्रीक माणसे ठरावीक साच्याची आहेत, आणि नायक शाळामास्तर सज्जन असला तरी फिका आहे, असे आक्षेप निघाले. हे आक्षेप निराधार नव्हेत. उलट रॉजर ईबर्टसारख्या समीक्षकाला यातील माणसे खऱ्याखुऱ्या माणसांसारखी दिसतात, हेच भावले. पटकथेला ऑस्करचे नामांकनही लाभले.

मग यश कशाचे? नायिकेच्या मोहक व्यक्तिमत्त्वाचे, असे उत्तर सहज सुचते. ते अपुरे आहे. २००३ साली तीच अभिनेत्री घेऊन काढलेली मालिका सात भागांतच आटोपली. २०१६ चा उत्तरभागही समीक्षकांना रुचला नाही. मोहकपणा तोच होता. ताण उरला नव्हता. पहिल्या चित्रपटात तिशीतील तुला ही शिकागोतील वडिलांच्या उपाहारगृहात राबते, आणि ग्रीक नसलेल्या तरुणाशी लग्न करू इच्छिते. प्रत्येक शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत शोधणारा तिचा बाप हास्यास्पद आहे खरा, पण त्या हास्यामागे आपली भाषा पुढच्या पिढीत संपेल हे भय आहे. लग्नात हाच बाप दोन्ही आडनावांची व्युत्पत्ती लावतो : एक सफरचंद, दुसरे संत्रे, आणि शेवटी दोन्ही फळेच! आधीच्या हट्टातूनच येथे औदार्य उमलते. विनोद स्वभावातून निघावा तो असा.

मूळ प्रदेशापासून दूर, अन्यभाषिकांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या वाचकांना हे भय परके वाटणार नाही. अखेरीस तुला आपल्या मुलीला ग्रीक शाळेत पाठवते, आणि लग्न मात्र हव्या त्या माणसाशी करण्याची मोकळीक देते. भाषेचा वारसा द्यावा, तिची बेडी करू नये, हा या कथेचा मथितार्थ.

साच्याची नोंद घेणे हे समीक्षकाचे कर्तव्यच होय. परंतु त्या साच्यात कोणते जिवंत दुःख ओतले आहे, हे पाहिल्यावाचून त्याचा निवाडा पुरा होत नाही.